शोध लावला म्हणजे बनवला नव्हे

मार्च 2020. फ्रान्समध्ये टाळेबंदी लागली त्याच दिवसांत एक व्हिडिओ लाखो लोकांपर्यंत पोचला. त्यातला माणूस एका पेटंटचे कागद दाखवत सांगत होता की कोरोनाचा विषाणू पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटनेच तयार केला. पुढे त्या दाव्याला आणखी शेपट्या फुटल्या: यांना 2004 पासून सगळं माहीत होतं, ही संस्था नावाला धर्मादाय आणि आतून औषध कंपनी, आधी रोग सोडायचा आणि मग लस विकायची. असले दावे आजही या ना त्या रूपात फिरतात, आणि पुढे पाठवणारे बहुतेक जण भले लोक असतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

"पेटंटच आहे, आणखी काय पुरावा हवा?"

पेटंट आहे. युरोपियन पेटंट, अर्ज डिसेंबर 2004 चा. पण ते कशाचं आहे, हे त्याच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे: सार्स या रोगाशी संबंधित कोरोनाविषाणूचा नवा प्रकार आणि त्याचे उपयोग. 'कोरोनाविषाणू' हे एका विषाणूचं नाव नाही, ते अख्ख्या कुळाचं आहे. साध्या सर्दीचे काही विषाणूही त्याच कुळातले. पेटंटमधला विषाणू 2003 मध्ये साथ आलेल्या सार्स या श्वसनाच्या रोगाचा, कोविडचा नव्हे.

तो आला कुठून, तेही कागदावर आहे: हनोईत आजारी पडलेल्या रुग्णाच्या नमुन्यातून. फेब्रुवारी 2003 मध्ये हनोईच्या फ्रेंच रुग्णालयात एक विचित्र न्यूमोनियाचा रुग्ण दाखल झाला आणि बघता बघता तिथले डॉक्टर, नर्स आजारी पडायला लागले. हे काहीतरी नवं आहे हे ओळखून जगाला सावध करणारे जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर कार्लो उर्बानी 29 मार्चला त्याच रोगाने गेले. त्या साथीत 8,098 रुग्ण नोंदले गेले, 774 माणसं दगावली. पाश्चरच्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतल्या विषाणूची जनुकं वाचली, त्यावरून चाचणी आणि लस कशी करता येईल याची पद्धत मांडली आणि तिच्यासाठी अर्ज केला. म्हणजे माणसं आधी आजारी पडली, कागद नंतर तयार झाला.

मला वाटतं, आपल्या भाषेत हा घोळ आणखी सहज होतो. मराठीत दिव्याचाही 'शोध लागतो' आणि क्षयाच्या जंतूचाही. एक गोष्ट माणसाने घडवली, दुसरी आधीपासून होती आणि कुणाला तरी दिसली. याच संस्थेने 1983 मध्ये एचआयव्हीचा शोध लावला, त्यासाठी फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मॉन्टॅनिए यांना 2008 चं नोबेल मिळालं. तो विषाणू त्यांनी बनवला असं कुणी समजदार माणूस म्हणणार नाही. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या कॉख यांनी क्षय बनवला असंही नाही.

आणि पेटंट ही लपवाछपवीची जागा नव्हेच. पेटंटचा सौदाच असा की माहिती सगळ्यांसमोर उघड करायची, त्या बदल्यात 20 वर्षांचा हक्क मिळतो.

"म्हणजे 2004 पासून यांना माहीत होतं."

कोविडच्या विषाणूची जनुकीय माहिती सुमारे 30,000 अक्षरांची आहे. सार्सशी ती साधारण 80 टक्के जुळते, म्हणजे फरक 6,000 अक्षरांच्या आसपास. ही एकाच कुळातली लांबची भावंडं आहेत. कोविडचा विषाणू माणसात नेमका कुठून आला यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे आणि तो व्हायलाही हवा. पण हे पेटंट त्या वादात कुठेच बसत नाही.

"संस्था नावाला, खरी कंपनी."

इथे नावाने घात केला आहे. 2022 पर्यंत सनोफी पाश्चर या नावाने लसी विकणारी कंपनी वेगळी, पॅरिसची संशोधन संस्था वेगळी. कंपनीला भागधारक असतात, संस्थेला नाहीत. जुलै 1885 मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लुई पाश्चर यांच्या लसीने वाचवलं, त्यानंतर लोकवर्गणी सुरू झाली आणि 20 लाख फ्रँकहून जास्त रक्कम जमली. 1887 मध्ये संस्थेला सार्वजनिक हिताचं प्रतिष्ठान म्हणून मान्यता मिळाली, 1888 मध्ये इमारत उघडली. आपल्याकडे प्लेगची लस करणारे हाफकिन तिथूनच आले.

आजही तिचा खर्च सरकारी अनुदान, देणग्या, मृत्युपत्रातून आलेली मालमत्ता आणि स्वतःची कमाई यांवर चालतो. हो, कमाई. पेटंटचं स्वामित्वधन (रॉयल्टी) ती घेते. एचआयव्हीच्या चाचणीच्या हक्कांवरून तर अमेरिकेशी इतकं ताणलं गेलं की 1987 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि फ्रान्सचे पंतप्रधान शिराक यांना मिळून तडजोड जाहीर करावी लागली. 'ना नफा' म्हणजे पैसा मिळवायचाच नाही असं नव्हे. मिळालेला पैसा वाटून घ्यायला मालक नसतात, तो पुन्हा कामात जातो. त्याचा हिशेब मागायला माझी काहीच हरकत नाही, जरूर मागा. पण हिशेब मागणं आणि खुनाचा आरोप करणं यात फार अंतर आहे.

"आधी रोग, मग लस."

हा मुद्दा मला सगळ्यात लागतो, कारण काय घडलं हे तारखांसकट समोर आहे. जानेवारी 2020 च्या शेवटी, फ्रान्समध्ये पहिले रुग्ण सापडले त्यानंतर आठवड्याभरात, संस्थेने विषाणूचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचला आणि तो जगभरच्या शास्त्रज्ञांना खुला केला. मग लसीचं काम हाती घेतलं. जुनी, भरवशाची गोवराची लस घ्यायची आणि तिच्यावर कोरोनाचा काट्यासारखा भाग बसवायचा, अशी ती कल्पना होती. मर्क ही बलाढ्य कंपनी भागीदार होती. माणसांवरची पहिली चाचणी झाली तेव्हा दिसलं की लस घेतलेल्यांमध्ये तयार झालेली प्रतिकारशक्ती, आजारातून बऱ्या झालेल्यांपेक्षा कमी पडते आहे. 25 जानेवारी 2021 ला, जग लसीसाठी रांगा लावून उभं असताना, संस्थेने आपला निकाल जाहीर केला आणि ही लस तिथेच थांबवली.