ग्रहणाचा चष्मा हातात असेपर्यंत दारूचा ग्लास नको

बारमध्ये सूर्यग्रहण बघायचा कार्यक्रम ठेवायला माझी हरकत नाही. जागा सोयीची असते: बसायला खुर्च्या, स्वच्छतागृह, बाहेर अंगण किंवा गच्ची, आत हवा तेवढा अंधार. फक्त एका अटीवर मी तडजोड करणार नाही. ग्रहणमध्य होऊन चष्मे परत जमा होईपर्यंत दारू द्यायची नाही.

कारण साधं आहे. डोळ्यातल्या पडद्याला वेदना कळत नाहीत. तो भाजतो तेव्हा काहीच जाणवत नाही, नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो तो काही तासांनी. दोन पेग पोटात गेले की चष्मा कपाळावर सरकतो आणि ‘एकदाच बघतो’ सुरू होतं. ९९ टक्के सूर्य झाकलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. उरलेला १ टक्कासुद्धा पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ४,००० पट तेजस्वी असतो.

चष्मे माणशी एक. त्यावर आयएसओ १२३१२-२ (सूर्य थेट बघण्याच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलेलं असावं, पण छापणं सोपं असतं, म्हणून स्वतः तपासा. चष्मा लावून खोलीत बघितलं तर काहीही दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च मागे धरा. टाचणीएवढा जरी उजेड फुटला किंवा घडीवर चीर दिसली, तर कात्रीने कापून टाका. आणि हा चष्मा लावून दुर्बिणीतून कधीही बघू देऊ नका, एकवटलेलं ऊन फिल्टर जाळून डोळ्यात उतरतं. दुर्बिणीचा फिल्टर पुढच्या, मोठ्या भिंगावरच लागतो.

जागा चार दिवस आधी, ग्रहणाच्याच वेळी उभं राहून बघा. स्पर्श ते मोक्ष, म्हणजे ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत, अडीचेक तास धरले तर सूर्य आकाशात जवळजवळ ४० अंश सरकतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, म्हणजे चार मुठी. तेवढ्यात छत, छत्री किंवा शेजारची इमारत आडवी येते का ते कळतं. १२ ऑगस्ट २०२६ चं स्पेनमधलं खग्रास मावळतीजवळचं. तिथे एक बुटकी भिंतसुद्धा पुरे.

आता माझ्या आवडीचा भाग. खिशातला छोटा सपाट आरसा घ्या, त्यावर ५ मिलिमीटरचं भोक पाडलेला पुठ्ठा चिकटवा आणि खिडकीबाहेर उन्हात, डोक्याच्या उंचीच्या वर, मातीच्या गोळ्यात रोवून कवडसा आतल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. भिंत १० मीटर लांब असेल तर जवळजवळ १० सेंटिमीटरचा सूर्य उमटतो, त्याला चंद्राने घेतलेला चावा स्पष्ट दिसतो. पडदे ओढा, टीव्ही बंद करा. अंतर कमी असेल तर भोकही लहान करा, नाहीतर कडा पुसट होतात. १० मीटरवर कवडसा मिनिटाला चार सेंटिमीटर सरकतो, म्हणून आरशापाशी एक माणूस कायमचा नेमा. आरशात डोकावायचं मात्र कोणीच नाही, तोही सूर्यच आहे.

बार खग्रास पट्ट्यात, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जातो त्या भागात, असेल तर बाहेरचे दिवे आणि पाटी आधीच हाताने बंद करा. अंधार पडला की आपोआप लागणारे दिवे नेमके त्या दोन-चार मिनिटांत लागतात आणि प्रभामंडल (झाकलेल्या सूर्याभोवती दिसणारं फिकट तेजोवलय) बघायला सरावलेले डोळे दिपतात. वीस मिनिटं आधी बिलं थांबवा, स्वयंपाकघरातल्यांनाही बाहेर आणा. सूर्याचा शेवटचा ठिपका विझला की चष्मे काढायचे, दुसऱ्या बाजूने पहिला ठिपका चमकला की लगेच लावायचे. ही सूचना एकानेच, घड्याळ बघत, मोठ्याने द्यावी. पट्ट्याबाहेर असाल तर चष्मा काढायची वेळ येतच नाही, पट्टा अगदी दोन किलोमीटरवर असला तरी.

त्यानंतर दारात टोपली ठेवा आणि चष्मे मोजून घ्या. मोक्षाला अजून तासभर असतो, तो भिंतीवरच्या कवडशात पाठमोरं बसून बघता येतो. आकडा जुळला की काउंटर उघडा.