‘न्यूमेनेरा’त अवघडपणा ७ म्हणजे अशक्य? खुलासा

‘न्यूमेनेरा’ या भूमिका वठवण्याच्या टेबल-खेळाचं (२०१३) नियमपुस्तक नुकतंच चाळलेल्यांकडून एक तक्रार फिरते आहे: लक्ष्याचा आकडा, म्हणजे फाशावर निदान जितकं पडायला हवं ते, कामाच्या अवघडपणाच्या तिप्पट, म्हणजे ७ ला २१, वीस बाजूंच्या फाशावर तो पडणारच कसा? गणित बरोबर आहे, पण ते अर्धंच आहे. आधी अवघडपणा उतरवायचा, मग फासा टाकायचा.

समजा, ७ अवघडपणाची भिंत चढायची आहे. चढण्याचं प्रशिक्षण असेल तर ६. आकडा-दोर जवळ असेल तर ५. ‘एफर्ट’ची (गुण खर्चून लावलेला जादा जोर) एक पातळी लावली की ४. आता लक्ष्य १२, म्हणजे ४५ टक्के संधी. एफर्टच्या पहिल्या पातळीला ३ गुण पडतात. ‘माइट’मध्ये (शारीरिक ताकद) ‘एज’ (खर्चातली सूट) १ असेल तर २.

हे गुण ‘माइट’च्या साठ्यातून जातात आणि मारही आधी तिथेच बसतो. नवे खेळाडू इथे बिचकतात आणि एफर्ट वापरतच नाहीत; खरी गडबड तीच. विश्रांतीच्या प्रत्येक फाशात १ ते ६ अधिक टियरइतके (पात्राच्या प्रगतीची पायरी) गुण परत मिळतात, आणि पहिल्या विश्रांतीला फक्त एक कृती लागते. मात्र पहिल्या टियरला एफर्टची एकच पातळी लावता येते, हे पात्र बनवतानाच लक्षात घ्या.