विकत घेतलेल्या गाण्याची घरातली प्रत

गेल्या महिन्यात आईच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. एकीची फीत मधेच तुटली होती. चिकटपट्टीने जोडली, तरी त्या जागी तान क्षणभर दबतेच. वेष्टनावर बारीक अक्षरांत नक्कल करण्यास मनाई असल्याची सूचना आहे, म्हणून हे बेकायदा तर नाही ना, असे आईने काळजीने विचारले.

माझ्या समजुतीप्रमाणे नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या उचित वापराला मुभा आहे, आणि पूर्वी साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृती यांपुरती असलेली ही मुभा 2012 च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणे आणि चित्रपटांनाही लागू झाली. मात्र ‘उचित’ म्हणजे नेमके किती, हे कायदा सांगत नाही, आणि सामान्य ग्राहकाची अडचण इथेच सुरू होते.

कॅसेटला निदान कुलूप नव्हते. एका अ‍ॅपवर पैसे मोजून घेतलेली माझी मराठी ई-पुस्तके ते अ‍ॅप बंद पडताच गेली, कारण त्यांची प्रत काढून ठेवण्याची सोयच नव्हती. त्याच 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65अ असे तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या उद्देशाने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगते. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी ते तोडायला हरकत नाही, हेही त्याच कलमात आहे. पण दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आणि हेतू यांची नोंद ठेवली पाहिजे. माझ्या आईसारख्या, संगणक न येणाऱ्या माणसासाठी कोणता दुकानदार ही जोखीम पत्करेल?

ब्रिटनने ऑक्टोबर 2014 मध्ये स्वतःच्या मालकीच्या कृतीची खाजगी प्रत काढण्याची स्पष्ट मुभा दिली होती आणि तिच्या आड येणारी कराराची अट निष्प्रभ ठरवली होती. हक्कधारकांना भरपाई का नको, याचा पुरेसा पुरावा सरकारने दिला नाही म्हणून 2015 मध्ये न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. जर्मनीने 1965 पासूनच ध्वनिमुद्रण यंत्रांवर आकार बसवून कलावंतांची भरपाई केली. कलावंताला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण ज्याने ते एकदा मोजले आहेत, त्याच्याकडून त्याच गाण्याच्या घरातल्या दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा घेणे मला अन्याय्य वाटते. म्हणून आपल्याकडे कलम 52 मध्येच स्पष्ट लिहावे, की रीतसर विकत घेतलेल्या कृतीची स्वतःपुरती प्रत काढणे हा हक्कभंग नाही, आणि अ‍ॅपच्या अटींत काहीही लिहिलेले असले तरी ही मुभा काढून घेता येणार नाही.