घरकोंबड्याचा चौदावा हिस्सा

बडोद्यात शाळांना सुट्टी लागली की आई-बाबांचा ठरलेला प्रश्न येतो: मुलांना रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवायला काय घ्यावं? 'हॉबिट' सुचवलं की पुढचं वाक्यही ठरलेलंच. "तो भित्रा हॉबिट शेवटी शूर होतो, तेच ना? सिनेमा पाहिलाय आम्ही." इथे माझं बिनसतं. त्या पुस्तकात छोट्याशा हॉबिट जमातीतला नायक बिल्बो बॅगिन्स वाढतो हे खरं, पण शौर्याच्या पट्टीने मोजायला गेलात तर निम्मं पुस्तक हातातून निसटेल.

नायकाची एक गोष्ट आपल्या गावाला तोंडपाठ आहे. कवळाण्याच्या गोपाळला महाराणी जमनाबाईंनी विचारलं, "इथे कशाला आलास?" आणि पोरगा म्हणाला, "राज्य करायला." १८७५ साली तो दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. संवाद अगदी अस्साच झाला का, ते सोडा. नायक म्हटलं की आपल्याला हे असलं उत्तर हवं असतं. बिल्बो याच्या अगदी उलट. दारात आलेल्या जादूगार गँडाल्फला तो साफ सांगतो की आम्हाला इथे साहसं-बिहसं नकोत, आणि मग नकार जरा जास्तच कडक झाला असं वाटून घाईघाईने म्हणतो, "उद्या चहाला या ना!" पुढची सगळी भानगड या चहाच्या आमंत्रणातून सुरू होते.

टोल्किनने (पुस्तक १९३७ चं) बिल्बोला दोन घराण्यांचं रक्त दिलंय. आईकडचे टूक हे धाडसी, वडिलांकडचे बॅगिन्स अब्रूदार आणि घरबसे. त्यामुळे बरेच वाचक सरळ हिशेब मांडतात: बॅगिन्स मागे पडला, टूक जागा झाला. मला हे पटत नाही. टूक रक्ताने त्याला फार तर दाराबाहेर काढलं, तेही टोपी, काठी, पैसे आणि हातरुमाल न घेता. निभावून नेलं ते बॅगिन्सपणाने. दिलेला शब्द, पाहुण्याची रीत आणि देण्याघेण्याचा चोख हिशेब.

करारापासूनच बघा. ड्रॅगनने बळकावलेलं सोनं परत मिळवायला निघालेल्या तेरा बुटक्यांना (ड्वार्फ) बिल्बो घरफोड्या म्हणून हवा असतो. ते रात्री जेवून, झोपून, सकाळी निघून जातात आणि घड्याळाखाली त्यांच्या म्होरक्याचं, थोरिनचं, पत्र ठेवतात. अटी अशा: काम झाल्यावर रोख, एकूण नफ्याच्या चौदाव्या हिश्शापर्यंत, नफा झालाच तर, प्रवासखर्च कसंही झालं तरी मिळणार, वेळ आलीच तर अंत्यसंस्काराचा खर्चही आमचा. मुलं इथे हसतात. हसू द्या, पण चौदावा हिस्सा त्यांच्या डोक्यात पक्का बसवा, कारण तो सोळाव्या प्रकरणात लागतो. त्यांच्यातला ग्लोइन आदल्या रात्रीच म्हणालेला असतो की हा घरफोड्या कसला, हा तर किराणावाला दिसतो. टोमणा म्हणून म्हणाला, पण निदान अचूक.

पहिली चोरी फसते ती ट्रोल नावाच्या राक्षसाच्या खिशातल्या पाकिटामुळे. पाकीटच बोलायला लागतं! गँडाल्फ सोडवतो. लेखकाची खरी युक्ती इथून पुढे दिसते. तो बिल्बोला नवी ताकद फारशी देत नाही, आधार मात्र एकेक करून काढून घेतो. गोब्लिनांच्या बोगद्यात सोबत तुटते, मिर्कवुड अरण्याच्या तोंडाशी गँडाल्फ निघून जातो, अरण्यात बुटके प्रचंड कोळीकिड्यांच्या जाळ्यात लटकतात. अदृश्य करणारी अंगठी मिळते हे कबूल, पण अंगठी फक्त लपवते. करायचं काय, हे ती सांगत नाही.

पाचवं प्रकरण, बोगद्यातल्या अंधारात राहणाऱ्या गॉलमबरोबरच्या कोड्यांचं, घाईत वाचू नका. "माझ्या खिशात काय आहे?" हे कोडं नव्हेच, आणि बिल्बोलाही ते ठाऊक आहे. तो जिंकतो खरा, पण जरा लबाडीनेच. नंतर तो अदृश्य असतो, हातात तलवार असते आणि बाहेर जायच्या वाटेवरच गॉलम बसलेला असतो. मारलं की वाट मोकळी. त्याच क्षणी त्याला त्या जिवाचे अंधारातले, आशा नसलेले दिवस दिसतात, आणि तो वार न करता त्याच्या डोक्यावरून उडी मारून जातो. गंमत म्हणजे १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत हे नव्हतंच. तिथे गॉलम हरल्यावर मुकाट वाट दाखवतो. पुढच्या मोठ्या कथेत ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज') अंगठीला वेगळंच वजन आलं, म्हणून टोल्किनने प्रकरण पुन्हा लिहिलं आणि १९५१ च्या आवृत्तीत ते आलं. बिल्बोच्या स्वभावातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी चौदा वर्षांनी पुस्तकात आली.

आठव्यात तो एकट्याने कोळी मारतो आणि तलवारीला नाव देतो. सिनेमावाल्यांना हवा असलेला बिल्बो तो हाच, आणि तो पुस्तकात आहे, नाही कशाला म्हणू? पण मला नववं प्रकरण जास्त बोलकं वाटतं. बुटक्यांना कैद करणाऱ्या एल्फ राजाच्या महालात तो अदृश्य राहून अन्न चोरून खातो, कोण कुठल्या कोठडीत आहे ते शोधतो, रिकामी पिंपं कोणत्या दारातून नदीत सोडतात ते हेरतो. पहारेकरी दारू पिऊन घोरतो तेव्हा किल्ल्या पळवतो, बुटक्यांना गवत भरून पिंपात बसवतो. आणि मग लक्षात येतं की आपल्यावर झाकण लावायला कोणी उरलंच नाही! सगळ्यांची सोय लावताना स्वतःची राहिली. पिंपाला बाहेरून चिकटून थंडगार पाण्यातून जातो आणि पुढे तीन दिवस सर्दीने बेजार. पण त्याआधी तो एक काम करतो: किल्ल्या परत त्या पहारेकऱ्याच्या कमरेला लटकवतो. माणूस कैद्यांशी बरा वागला होता, त्याच्यावरचं बालंट तेवढंच कमी. मला विचाराल तर बिल्बो ओळखायचा तो इथे.

बाराव्यात तो ड्रॅगनच्या डोंगरात एकटाच बोगद्यातून खाली उतरतो. पुढे लाल उजेड, उकळत्या हंड्यासारखी गुडगुड आणि प्रचंड बोक्यासारखी घुरघुर. तो थांबतो. मग पुढे पाऊल टाकतो. निवेदक स्पष्ट सांगतो की त्याने केलेलं सर्वांत धाडसी काम हेच; खरी लढाई तिथेच झाली, ड्रॅगन दिसायच्या आधी. हे परिच्छेद सलग वाचा, मध्ये पाणी प्यायला उठू नका.

इतकं होऊनही तो चुकतो. दुसऱ्या भेटीत त्या ड्रॅगनशी, स्मॉगशी, कोड्यात बोलताना स्वतःवर खूश होऊन 'पिंपावरचा स्वार' असं नाव सांगून बसतो. त्यावरून ड्रॅगन तळ्यातल्या गावाचा माग काढतो आणि गाव जळतं. स्मॉगच्या छातीवर डावीकडे उघडी जागा आहे हेही त्याच भेटीत कळतं, आणि गावातल्या धनुर्धारी बार्डचा बाण तिथेच लागतो. बार्ड ऐन वेळी कुठून उगवला, ही तक्रार मला मान्य आहे. तेरातले सात-आठ बुटके एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत, हीसुद्धा.

आता सोळावं प्रकरण. थोरिनला सर्वांत प्रिय असलेलं रत्न, आर्केनस्टोन, बिल्बोने आधीच गुपचूप खिशात घातलाय आणि आपला वाटा आपणच निवडला अशी मनाची समजूत घातलीय. ती समजूत कच्ची आहे, हे त्यालाही आतून जाणवतं. तळ्यातल्या गावचे लोक आणि एल्फ वाटा मागायला येतात, थोरिन सोन्यापायी अडून बसतो, युद्ध दाराशी येतं. तेव्हा हा रात्री उतरून शत्रूच्या तळावर जातो आणि जुन्या कोटाच्या खिशातून काढतो काय, तर घड्याळाखालचं ते मे महिन्यातलं पत्र! (नदीच्या पाण्यातून आलेल्या कागदावर अक्षरं कशी टिकली, ते विचारू नये.) नफा म्हणजे काय, माझा हिस्सा किती, हे समजावतो आणि तो हिस्सा म्हणून रत्न देऊन टाकतो. एल्फ राजा म्हणतो, इथेच थांब. बिल्बो म्हणतो, मित्रांना असं सोडून जाणं बरं नाही, आणि मध्यरात्री बॉम्बरला उठवायचं कबूल केलंय. परत गेल्यावर थोरिन त्याला तटावरून फेकायला निघतो. तो काय करणार याचा अंदाज असूनही बिल्बो परत गेलाच.

मोठ्या लढाईत मात्र त्याच्या डोक्याला दगड लागतो आणि तो बेशुद्ध. पहिल्या सिनेमात तो थोरिनला वाचवायला ऑर्कवर झेप घेतो. पुस्तकात त्याच प्रसंगी तो डोरी या बुटक्याच्या पायांना लोंबकळत असतो, आणि गरुड दोघांना उचलून नेतो. सिनेमा वाईट नाही, पण त्या झेपेमुळे मुलं पुढे पुस्तकात तलवारच शोधत बसतात.

वाचताना मोठी प्रकरणं दोन रात्रींत वाटून घ्या. दहाव्यात आणि पंधराव्यात मुलं चुळबुळतात, तिथे थोडं सांगून पुढे सरका. एकोणिसावं मात्र गाळू नका. बिल्बो घरी पोचतो तर सामानाचा लिलाव चालू! आपल्याच खुर्च्या बऱ्याचशा परत विकत घ्याव्या लागतात आणि चांदीचे चमचे कायमचे गायब होतात. त्याआधी वाटेत त्याने एल्फ राजाला मोत्यांचा हार दिलेला असतो, महालात चोरून खाल्लेल्या भाकरी आणि वाइनबद्दल. मुलांना विचारा, हा हार त्याने का दिला. दहा वर्षांची पोरं याचं उत्तर मोठ्यांपेक्षा पटकन देतात.