थायरॉईडची गाठ, मानेवरचा वण आणि एक फिरता मेसेज

इंदिरानगरच्या महिला मंडळापासून सिन्नरच्या भावकीच्या ग्रुपपर्यंत सध्या एकच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: थायरॉईडच्या गाठीला सुई लावू देऊ नका, कॅन्सर पसरतो. ऑपरेशनने मुलीचा गळा विद्रूप होतो, आवाज जातो, जन्मभर गोळ्या मागे लागतात. करायचंच तर तोंडातून, बिनवणाचं करा. नाहीतर काढा घेत वाट पाहा, हा कॅन्सर कुणाला मारत नाही.

माझ्या भाचीच्या गळ्यात गाठ आहे आणि हा मेसेज वाचून वहिनीने तिची सुईची तपासणी पुढे ढकलली. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सुईने कॅन्सर पसरतो? ही तपासणी, म्हणजे एफएनएसी, अगदी बारीक सुईने होते, बहुतेक वेळा सोनोग्राफीत बघत बघत. सुईच्या वाटेने कॅन्सर रुजल्याची उदाहरणं अत्यंत तुरळक आहेत. उलट थायरॉईडच्या बहुसंख्य गाठी कॅन्सरच्या नसतात आणि हे सुईमुळेच कळतं, कितीतरी जणींचं ऑपरेशन त्यामुळे टळतं. ज्या वणाची भीती हा मेसेज घालतो, तो वाचवू शकणारी तपासणीच तो बंद करायला सांगतोय!

आता गळा विद्रूप होण्याबद्दल. लग्नाच्या वयाच्या मुलीला ही काळजी वाटली तर तिला कुणी नटवी म्हणू नये. काळजी रास्तच आहे आणि चांगले सर्जन ती ऐकून घेतात. मानेवरच्या सुरकुत्या आडव्या असतात, म्हणून छेदही आडवाच, शक्यतो सुरकुतीतच घेतात. ही पद्धत रुळवली स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी. थायरॉईडवरच्या कामासाठीच त्यांना 1909 साली नोबेल मिळालं. आज साध्या केसमध्ये छेद साधारण चार ते सहा सेंटिमीटरचा असतो, मानेतल्या लसीका ग्रंथींच्या गाठीही (कॅन्सर तिथे पोचू शकतो) काढायच्या असतील तर मोठा.

एक बारीक गोष्ट फार कुणी सांगत नाही. टेबलावर मान मागे टाकली की कातडी ताणली जाते आणि सुरकुती जागेवर राहत नाही. म्हणून भूल द्यायच्या आधी पेशंटला ताठ बसवून, मान खाली-वर करायला लावून पेनाने रेघ आखतात. ही रेघ चुकली तर वण छातीच्या हाडाकडे उतरतो आणि तिथे तो जास्त जाड होतो. आखताना आपणही आरसा मागावा. नेहमी कुठल्या गळ्याचे कपडे घालतो, मंगळसूत्र कुठे टेकतं, तेही तेव्हाच सांगावं.

वण सुरुवातीचे काही महिने लालसर आणि कडक असतो, मऊ आणि फिका पडायला वर्षभर लागू शकतं. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून सिलिकॉन जेल लावावं आणि ऊन टाळावं. आपल्या पोरी स्कूटीवर स्कार्फ गुंडाळून फिरतातच, तो स्कार्फ इथे कामाला येतो. कान टोचल्यावर ज्यांना कीलॉइडची गाठ, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड वण, आली होती, त्यांनी हे सर्जनना आधीच सांगावं.

तोंडातून ऑपरेशन होतं, हे खरं. थायलंडचे डॉ. अंगकून अनुवोंग यांनी खालच्या ओठाच्या आतून दुर्बिणीने करायची पद्धत पुढे आणली, कातडीवर वण राहत नाही. पण ती निवडक, लहान गाठींसाठी. वेळ जास्त लागतो, हनुवटीला काही काळ बधिरपणा येऊ शकतो आणि सरावलेले हात लागतात. काखेतून करतात त्यात वण जात नाही, जागा बदलतो. कॅन्सर पुरता निघणं पहिलं, वण त्यानंतर. या क्रमाला माझ्या मते पर्याय नाही.

आवाजाचा धोका मात्र खरा आहे. स्वरयंत्राची नस ग्रंथीला खेटूनच जाते. थोडे दिवस आवाज बसतो तो बहुतेकांचा परत येतो, कायमची इजा अनुभवी हातात एक-दोन टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला पंचवीसहून जास्त संपूर्ण थायरॉईड काढणाऱ्या सर्जनकडे गुंतागुंत कमी दिसली. तेव्हा ‘वर्षाला किती करता?’ हे नाशिकच्या डॉक्टरांनाही बेधडक विचारावं, परळच्या टाटालाही.

‘कुणाला मारत नाही’ हे सर्वांत घातक वाक्य. थायरॉईड कॅन्सरचा पॅपिलरी हा प्रकार बहुधा सावकाश वाढतो आणि छान बरा होतो. ॲनाप्लास्टिक हा प्रकार मात्र काही महिन्यांत जीव घेतो. सेंटिमीटरपेक्षा लहान पॅपिलरी गाठींवर नुसती नजर ठेवायची पद्धत जपानच्या कुमा हॉस्पिटलने 1993 पासून चालवली, पण ठरलेल्या सोनोग्राफीसह आणि निवडक पेशंटमध्ये. काढा पीत वाट पाहणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

जन्मभराच्या थायरॉईडच्या गोळीचं म्हणाल तर अर्धीच ग्रंथी काढली तर अनेकांना ती लागतही नाही. लागली तर सकाळी उपाशीपोटी एक.

वहिनीने आता तपासणीची वेळ पुन्हा घेतली आहे. कॅन्सर निघालाच तर सर्जनना विचारायला भाचीने वहीत लिहून ठेवलंय: अर्धी काढून भागेल का, मानेतल्या गाठी सोनोग्राफीत बघितल्या का, ऑपरेशननंतर कॅल्शियम कमी होऊन बोटांना मुंग्या आल्या तर फोन कुणाला करायचा, आणि रेघ आखताना आरसा मिळेल का.