खुलासा: रोपांच्या रॅकला जांभळाच दिवा लागतो, हे खरं नाही
‘घरातली रोपं फक्त जांभळ्या एलईडीखाली वाढतात, पांढरी ट्यूब निरुपयोगी, दिवा 24 तास चालू ठेवा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा (निळ्या प्रकाशाचा काही भाग इतर रंगांत बदलणाऱ्या पदार्थाचा) थर असतो. त्यामुळे निळा, हिरवा, लाल तिन्ही प्रकाश मिळतात, आणि पानं हिरवाही वापरतात. 4000 ते 6500 केल्विनची (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप) ट्यूब खुशाल लावा.

गडबड बहुधा अंतरात होते. एकच ट्यूब दोन फुटांवर टांगली की खोड लांबुळकं होतं, पेरांमधलं अंतर वाढतं, रोप कलंडतं. शेंड्यापासून 15 ते 30 सेंमीवर आणा. वरची पानं पांढुरकी दिसली तर ट्यूब थोडी वर उचला. टायमर 12 ते 14 तासांचा. अखंड उजेडात टोमॅटोची पानं तर पिवळी पडतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.