हातानं करा, बघा किती स्वस्त पडतं

सर्वप्रथम अभिनंदन. हातानं काहीतरी करावं असं तुमच्या मनात आलंय, म्हणजे रिकामा वेळ, भरलेलं पोट आणि चालू पेन्शन या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत. यातली एक जरी नसती, तरी तुम्ही हातानं बरंच काही करत असता. फक्त त्याला छंद म्हणाला नसता.

सुरुवात गोधडीपासून करा. साबण, आकाशकंदील वगैरे पुढच्या इयत्तेत. गोधडीला लागतं काय? जुनी सुती लुगडी, सुई आणि दोरा. आपल्या आज्या फुकटात करायच्या, तेव्हा आपल्यालाही फुकटच पडणार असं गृहीत धरा आणि हिशेबाची वही त्याच दिवशी बंद करून टाका. पुढे तिचा त्रास होतो.

आता कपाट उघडा. जुन्या सुती साड्या सापडणार नाहीत. ज्या जुन्या आहेत त्या सिंथेटिक आहेत, आणि ज्या सुती आहेत त्यांना हात लावलात तर याद राखा, असं तुम्हाला सांगण्यात येईल. मग आईची नऊवारी लुगडी गेली कुठे, याचा तपास लावा. आमच्याकडे तो तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी हिनं फळीवरून झाकणाचा स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर आदळला. "ही घ्या तुमच्या आईंची लुगडी." आईनं सातच्या सात बोहारणीला देऊन तो डबा घेतला होता. तासभर घासाघीस करून वर एक चमचाही मागून घेतला होता. चमचा अजून आहे. मी रोज त्यानंच पोहे खातो, हे मला माहीत नव्हतं.

नाउमेद होऊ नका. जुनी लुगडी ऑनलाइन मिळतात. तिथे त्यांना 'व्हिंटेज कॉटन' म्हणतात आणि विटकं जितकं जास्त, तितकी किंमत जास्त. मी पाच मागवली. शिवाय लांब सुयांचं पाकीट, अंगुस्तान, चार रंगांचे दोरे, खडू, बसायला गादी आणि गादीवर बसून कंबर धरते म्हणून पाठीला टेकण. इथवर आलात की गोधडीचा पहिला टाका पडायच्या आत तुम्ही दोन दुलया आणि चांगल्यापैकी ब्लँकेटच्या पैशाला मुकलेले असाल. हेच ते साधं राहणीमान.

मग फरशी रिकामी करा. दिवाण उभा करून भिंतीला लावा, घरच्यांना आतल्या खोलीत पाठवा. लुगडं नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. चौपदरी घातलं की दोन मीटर लांबीचे चार थर होतात. असे सगळे एकावर एक अंथरा, तळव्यानं सुरकुत्या मोडा, कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, इस्त्री असं जे जड मिळेल ते ठेवा आणि कडेनं धावदोरा घालत गोलगोल आत या. गणिताकडे लक्ष देऊ नका. मीही दिलं नाही. पाच लुगडी, प्रत्येकाचे चार थर, एकूण वीस. सुई आत जायची, पण पलीकडून बाहेर येण्याचं तिच्या मनात नसायचं. एक टाका म्हणजे एक खेच, एक शिवी आणि अंगठ्याला एक भोक. तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली म्हणून मी लगबगीनं उठलो, तर सगळं अंथरूण माझ्यामागे उठलं. लेंगा शिवला गेला होता. दारातल्या कुरियरवाल्यानं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सही घेतली.

या टप्प्यावर घरात एखादी गावाकडची मावशी येईल अशी व्यवस्था करा. आमची कराडकडची आली. वय ऐंशीच्या पुढे. तिनं चष्मा न लावता माझ्या कामावर नुसता हात फिरवला.

"ही वाकळ हाय का गादी रं? पोटात काय भरलंस येवढं?"

मी थरांचा आकडा सांगितला.

"चार-पाच पुरं हुत्यात. उसव समदं."

उसवलं नाही. मला भावनिक अडचण होती. मग तीच एका कोपऱ्याला बसली, एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि कडेच्या पातळ जागी, जिथे माझे थर सरकून कमी झाले होते, तिथे चहा उकळेपर्यंत दोन ओळी घालून मोकळी झाली. खडू नाही, पट्टी नाही. दोन ओळींत बोटभर अंतर, शेवटपर्यंत तेवढंच. माझ्या ओळी शेजारी होत्या. त्यांच्याकडे बघून मला आमच्या कॉलनीतल्या रिक्षांची रांग आठवली.

आता इथे तुम्ही मावशीला तो प्रश्न विचारायचाच, जो आपण सगळेच विचारतो. तुम्ही लोक पूर्वी किती हौसेनं करायचात ना? मी विचारला. मावशी दोरा दातानं तोडत म्हणाली, "हौस कसली? थंडी हुती. पैसं असतं तर सोलापुरी चादर न्हाय आणली?" आणि रात्री झोपताना हिला हळूच म्हणाली, ते मऊ-मऊ ब्लँकेट आहे का गं तुमच्याकडे, वाघाचं चित्र असलेलं?

असल्या उत्तरांनी खचू नका. ज्यांनी पोटासाठी हातकाम केलं, त्यांना त्यातला आनंद कधी समजलाच नाही, असं स्वतःला समजावा. त्या लोकांना सदैव घाई. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघानं अधिक सूत काढणाऱ्या सुधारित चरख्यासाठी तब्बल १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. म्हणजे चरख्याचे सगळ्यांत मोठे भक्तसुद्धा काम लवकर कसं उरकेल याच विवंचनेत. आपलं तसं नाही. आपल्याला काम लांबलं तरच ते 'ध्यानासारखं' वाटतं. कातणाऱ्या बाईला संध्याकाळी चूल पेटवायची असते, आपल्याला संध्याकाळी फोटो टाकायचा असतो.

मधल्या काळात बोटं बरी होईपर्यंत साबण करून बघायला हरकत नाही. अगदी सोपा आहे. १ किलो खोबरेल, सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि पाणी. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही; उलट केलंत तर उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. आणि एक गोष्ट मी करून पाहिली म्हणून खात्रीनं सांगतो: हे मिश्रण जर्मनच्या पातेल्यात करू नका. सोडा ॲल्युमिनियम खातो. पातेलं फसफसायला लागतं, काळं पडतं, आणि बायको दारात येऊन काही न बोलता उभी राहते. साबण नंतर चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो. तोवर बाजारातली वडी वापरा. माझी नैसर्गिक वडी हल्ली कपाटाच्या पायाखाली आहे, कपाट डुगडुगत नाही.

आकाशकंदिलाचंही सांगितलं असतं. कामट्या तासल्या, मैद्याची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घातलं, इथपर्यंत सगळं ठीक झालं. पण षटकोनाला सहा बाजू असतात एवढं माहीत असणं आणि तो बांधता येणं यात फरक आहे. त्या विषयावर घरात बोलायचं नाही असं ठरलंय.

पुन्हा गोधडीकडे. दोन महिन्यांनी माझी कड पूर्ण झाली. म्हणजे फक्त कड. तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की पलीकडच्या वस्तीत एक बाई ऑर्डर घेऊन वाकळा शिवते. नातवाला दुपटंही हवं होतं, म्हणून तिला घरी बोलावलं. एव्हाना हातकामाची किंमत आपल्याला चांगलीच कळलेली असते. तिनं मजुरी सांगितली, तेव्हा मी काय म्हणावं? मी म्हणालो, "एवढे? हातानंच तर शिवायची आहे, मशीन थोडीच लागतंय!" आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तो डबाच असावा.

बाई काही बोलली नाही. तिचं लक्ष कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या माझ्या कलाकृतीकडे गेलं. जवळ जाऊन तिनं एक टोक उचललं, वजन घेतलं, थर अंगठ्यानं नोटा मोजाव्यात तसे मोजले.

"ही कुणी शिवली?"

"मी. छंद आहे."

"दादा, ह्यात चार वाकळा निघत्यात. तीन मी नेते, एक तुमची तुम्हाला शिवून देते. मजुरी नको."

मी बराच वेळ विचार केला. दोन महिने, पाच लुगडी, एक लेंगा. सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग तासभर घासाघीस केली आणि वर एक उशीचा अभ्रा मागून घेतला.